बापाने जिंकलेला खटला

दसरा झाला, बोंडं फुटली की आमच्या वलगावच्या शिवारात हातांची टंचाई सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर असते. किलोवर मजुरी म्हणजे जितके हात जास्त, तितका कापूस जास्त आणि तितका पैसा जास्त. मग आईच्या मागे मुलगी निघते, मुलीच्या मागे धाकटा निघतो. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे, शाळा कुठं पळून जाते?" असं म्हणत म्हणत हंगाम संपेपर्यंत चारांचे चाळीस दिवस होतात. संक्रांतीनंतर वर्गात परत बसलेल्या मुलाला फळ्यावरचं काही कळत नाही. पुढच्या वर्षी ते मूल शाळेत जातच नाही.

दुसरी वाट शहराची. सातवी-आठवीत अभ्यासात मागे पडलेला मुलगा अमरावतीला एखाद्या गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात किंवा चहाच्या हॉटेलात लागतो. घरात सांगितलं जातं, "हुनर शिकतोय. उस्ताद चांगला आहे." पहिलं वर्षभर तो पाने उचलतो, चहा आणतो, दुकान झाडतो. त्याचं नाव बदलून 'छोटू' होतं.

या विषयावर बोलताना आम्हाला कुणा आईबापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. पण आईबापाच्या संमतीला किती वजन असतं, हे सांगणारी एक खरी हकीकत आहे. ती अमेरिकेतली आहे आणि तिचा धागा कापसाचाच आहे.

अमेरिकेतली पहिली यशस्वी यांत्रिक सूतगिरणी सॅम्युएल स्लेटर नावाच्या माणसाने १७९० साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावी चालू केली. तिथले पहिले कामगार कोण होते? सात ते बारा वर्षांची मुलं. यंत्राला ताकद लागत नव्हती. लहान बोटं आणि न थकणारी नजर एवढंच लागत होतं. पुढे मालकांनी एकेकट्या मुलाऐवजी सबंध कुटुंबच कामाला ठेवायची रीत पाडली. ज्याच्या घरी मुलं जास्त, त्याला काम आधी. बापाला मजुरी मिळायची, पण ती एकट्याने घर चालवण्याइतकी नसायची; कारण मुलांची मजुरी धरूनच हिशेब मांडलेला असायचा. आमच्या मते या विषयाची गुरुकिल्ली इथंच आहे. मूल कमावतं म्हणून घराला हातभार लागतो, हे दिसतं. मूल कमावतं म्हणूनच बापाचा रोज वाढत नाही, हे मात्र दिसत नाही.

पुढची शंभर वर्षं हे असंच चाललं. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८३६ साली नियम केला की कारखान्यातल्या पंधरा वर्षांखालच्या मुलाने वर्षातून निदान तीन महिने शाळेत जावं. नियम चांगला होता, पण तो एका राज्यापुरता. दुसऱ्या राज्यात गिरणी काढली की तो संपला. १९०० सालच्या अमेरिकन जनगणनेत दहा ते पंधरा वयाची सुमारे साडेसतरा लाख मुलं कामावर असल्याची नोंद झाली. १९०३ साली 'मदर जोन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वृद्ध कामगार पुढारी बाईने गिरणीत राबणाऱ्या मुलांचा मोर्चा फिलाडेल्फियाहून थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ऑयस्टर बे येथील घराकडे पायी नेला. राष्ट्राध्यक्ष भेटले नाहीत. १९०८ पासून ल्यूईस हाईन नावाचा एक शिक्षक कॅमेरा घेऊन गिरण्या-खाणींमधून हिंडला. त्याने टिपलेली मुलांची छायाचित्रं देशाने पाहिली. शेवटी १९१६ साली सबंध देशासाठी कायदा झाला : चौदा वर्षांखालची मुलं ज्या कारखान्यात राबतात, त्याचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला जाणार नाही.

हा कायदा कोर्टात कुणी अडवला? नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट गावच्या रोलंड डॅगनहार्ट या बापाने. तो स्वतः कापड गिरणीत मजूर होता. रूबेन आणि जॉन ही त्याची दोन मुलंही तिथंच राबत होती. या कायद्याने माझ्या मुलांची मजुरी आणि त्यांच्यावरचा माझा हक्क हिरावला जातो, असं त्याचं म्हणणं होतं. अर्थात खटल्यामागे गिरणीमालक उभे होते. वकील त्यांचे, खर्च त्यांचा. गरीब मजुराचं फक्त नाव होतं. १९१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि कायदा रद्द झाला. बाप जिंकला.

काही वर्षांनी एक पत्रकार त्या रूबेनला शोधत गेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, लग्न झालेलं होतं, मूलही होतं. वजन जेमतेम एकशे पाच पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने अठ्ठेचाळीस किलोसुद्धा नाही. दिवसाला बारा-बारा तास राबून त्याची वाढच खुंटली होती. खटला जिंकून तुला काय मिळालं, असं विचारल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : लहानपणी मिळाला तेवढा पगार, आणखी काही नाही; तो खटला आम्ही हरलो असतो तर माझं भलं झालं असतं; शिकायची माझी वेळ होती, ती गेली. आपल्या धाकट्या बहिणीबद्दलही तो हळहळला, कारण तीही त्याच गिरणीत होती.

रोलंड डॅगनहार्ट वाईट माणूस होता, असं आम्हाला वाटत नाही. घर चालवण्याच्या विवंचनेत असलेला तो एक साधा बाप होता. पण त्याची संमती मिळाली म्हणून मालकांचं काम झालं. त्याने नकार दिला असता तर कोर्टात उभं करायला त्यांना दुसरा बाप शोधावा लागला असता.

आता आपल्याकडे येऊ. ज्या अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, त्याच युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेल्या वऱ्हाडातून रेल्वे निघाली, ती १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली खामगावची शाखा झाली. रेल्वेच्या मागोमाग जिन आले, प्रेस आले. सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईच्या गाठी वेगळ्या. अमरावती, अकोला, खामगाव या गावांच्या बाजारपेठा त्यावरच वाढल्या. आजही आपल्यापैकी कितीतरी घरांत 'जिनात कामाला असलेल्या' आजी-आजोबांच्या आठवणी निघतात.

मुंबईच्या गिरण्यांत लहान मुलं राबतात म्हणून पहिला कारखाना कायदा झाला, तो १८८१ साली. त्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईकरांनी खटपट केली होती. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनीही जोर लावला होता. पण तो मुलांच्या मायेपोटी नव्हे, इथल्या गिरण्यांची स्पर्धा त्यांना सलत होती म्हणून. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच देशी वर्तमानपत्रांनीही कायद्याला विरोध केला. देशी धंदा बुडेल, ही त्यांची भीती. मालकांचं भांडण मालकांशी चाललं होतं आणि त्यात मूल मध्ये सापडलं होतं. मजुरांची बाजू मजुरांच्या तोंडून मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे पुढे १८८४ साली हजारो सह्यांचा अर्ज घेऊन उभे राहिले, तेव्हा कुठे गिरणीतल्या माणसाचा आवाज ऐकू आला.

१८८१ च्या कायद्याने काय दिलं? सात वर्षांखालचं मूल कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास, ही त्या काळची दया! शिवाय कायदा लागू कुणाला? जिथं शंभर किंवा जास्त माणसं आहेत आणि जो कारखाना वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालतो, त्यालाच. आमच्या जिनांचा हंगाम थोडक्याच महिन्यांचा. म्हणजे कापसाच्या प्रदेशात ज्या कारखान्यांना बाया-मुलांचे हात सर्वांत जास्त लागत होते, त्यांतले बहुतेक कायद्याच्या बाहेर राहिले. शेजारच्या खानदेशातल्या जिनांत दिवसाला पंधरा-सोळा तास आणि ऐन गर्दीत त्याहूनही जास्त काम चालतं, अशी साक्ष १८८४ साली नेमलेल्या कारखाना आयोगापुढे झाली. तरीही १८९१ च्या सुधारित कायद्यात मुलांचं वय नऊ झालं, तास सात झाले, पण हंगामी कारखाने कायद्यात आले ते थेट १९११ साली. पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी! तीस वर्षांत मुलांची एक पिढी आईबाप होते आणि स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच जिनाच्या दारात उभी राहते.

पुढची पावलं थोडक्यात सांगतो. १९२२ साली वय बारा झालं. व्हिटली आयोगाला आढळलं की विडी आणि गालिच्याच्या कारखान्यांत बापाच्या उचलीपोटी मुलं अक्षरशः गहाण ठेवलेली आहेत. म्हणून १९३३ साली मुलांची मजुरी गहाण ठेवण्यावर बंदी आली. १९४८ साली वय चौदा झालं. मग संविधानाच्या चोविसाव्या कलमाने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामापासून वाचवलं. १९८६ साली वेगळा बालमजुरी कायदा आला, २००६ साली घरकाम, ढाबे, हॉटेलं यांतही बंदी झाली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा ठरलं. मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्ही.

पण एक सूट तिथंही राहिलीच. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल, धोक्याचं काम तेवढं नको. ही सूट वाचायला रास्त वाटते. कुठल्या घरात मूल आईला हात लावत नाही? पण संध्याकाळी दुकानात बसलेलं मूल घरचं की दुसऱ्याचं, हे तपासणारा अधिकारी गल्लीत येतो कधी? मामाचं गॅरेज 'घरचं'. चुलत्याचं हॉटेल 'घरचं'. विड्या तर घरातच वळल्या जातात. अमेरिकेतही हेच झालं. १९३८ साली तिथं शेवटी मजबूत कायदा आला, पण शेतमजुरीला सूट राहिली. आजही तिथं बारा वर्षांचं मूल आईबापाच्या संमतीने शाळेच्या वेळेबाहेर शेतावर मजुरी करू शकतं.

वाचकहो, या सगळ्या इतिहासातून आम्हाला एकच गोष्ट लक्षात येते. कायदा दरवेळी एक दार उघडं ठेवतो आणि ते दार नेमकं तिथंच असतं, जिथं मुलं असतात. कधी त्या दारावर 'हंगामी' लिहिलेलं असतं, कधी 'शेती', कधी 'घरचा धंदा'. त्या दारातून मुलाला आत न्यायचं तर कुणीतरी 'हो' म्हणावं लागतं, आणि तो माणूस बहुधा आपल्याच घरातला असतो.

हा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यांत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न असा : "शिकून तरी कुठं नोकऱ्या लागतात? त्यापेक्षा हुनर हातात असलेला बरा." या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पदवीधर मुलगा घरी बसलेला आणि शेजारचा मेकॅनिक कमावता, हे आम्हीही पाहतो. पण हुनर आणि शाळा यांतलं एक निवडा, असं कुणी सांगितलं? आज गाड्यांत कॉम्प्युटर आलेत, बॅटरीवरच्या गाड्या आल्यात. दहावी झालेला मुलगा आयटीआयला जातो, यंत्राचं पुस्तक वाचतो, मीटर लावून दोष शोधतो. बाराव्या वर्षी पाना हातात घेतलेला मुलगा कान लावून दोष शोधतो. वीस वर्षांनी दुकान कुणाचं असेल आणि त्यात नोकर कोण असेल, याचा विचार व्हावा. चौदा वर्षं पुरी झालेल्या मुलासाठी रीतसर शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. धोक्याच्या कामाला वय अठरा लागतं. त्यात विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. उस्तादच्या हाताखाली विनामोबदला तीन वर्षं काढलेल्या छोटूला यातलं काय मिळतं?

दुसरा प्रश्न दीनाचा दाखला देऊन येतो : "हजरत अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत नव्हते का?" होते. त्यांच्या आईने, उम्मे सुलैम (रजि.) यांनी त्यांना तिथं आणून सोडलं आणि ते दहा वर्षं राहिले. पण त्या दहा वर्षांबद्दल अनस (रजि.) स्वतः काय सांगत, तेही ऐकावं. प्रेषितांनी (स.) मला कधी 'उफ्' म्हटलं नाही, हे का केलंस आणि ते का नाही केलंस असं कधी विचारलं नाही. आणि त्या सेवेतून काय निघालं? दोन हजारांहून अधिक हदीस सांगणारा आलिम. मूल तिथं राबायला नव्हे, घडायला गेलं होतं. आपल्या मुलाच्या उस्तादने दिवसातून कितीदा शिवी दिली आणि वर्षभरात काय शिकवलं, हे आधी मुलाला विचारावं आणि मग हा दाखला द्यावा. बद्रच्या लढाईनंतर खंडणी देऊ न शकणाऱ्या कैद्यांची सुटका मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहावाचायला शिकवण्याच्या बदल्यात झाली, असं सीरतच्या ग्रंथांत येतं. पैशाची चणचण त्याही समाजाला होती. तरीही मुलांच्या अक्षरांना खंडणीच्या पैशाइतकं मोल दिलं गेलं.

२००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातला एक आकडा इथं आठवतो. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुलं एकतर कधी शाळेतच गेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. म्हणजे चारांत एक. त्या वेळची ती मुलं आज वयाने पंचविशी-तिशीत आहेत, त्यांच्यातले कित्येक आता बाप आहेत. मुलाला 'चार दिवस' कामावर पाठवायचा प्रश्न आज त्यांच्यासमोर आहे.

आमच्या गावाच्या वेशीजवळून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना या नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आजोळी गेलं, गुरं राखण्यात आणि शेतात राबण्यात. शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्या माणसाने पुढे आयुष्यभर गावोगाव हातात खराटा घेऊन एकच सांगितलं : घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. स्वतः न शिकलेल्या माणसाइतकी शिक्षणाची किंमत कुणाला कळणार! आमच्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं बाबांचं नाव आजही अदबीने घेतात, ते उगीच नाही.

आता करायचं काय? शाळा सुटलेलं मूल घरात असेल तर दाखला नाही म्हणून थांबू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयाप्रमाणे असलेल्या वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. दाखल्यासाठी अडवता येत नाही आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष वर्गाची तरतूद आहे. वय पुढे गेलं असेल तर मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. ज्या घरात बाप नाही किंवा तो अंथरुणावर आहे, तिथल्या मुलासाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा. कुठं मुलाला राबवलं, मारलं जात असेल तर १०९८ हा क्रमांक फुकट लागतो.

ही झाली सरकारची बाजू. मोहल्ल्याची बाजू आणखी सोपी आहे. कापसाच्या हंगामात कुठल्या घरची मुलं शाळेत दिसत नाहीत, हे मशिदीच्या जमातीतल्या चार माणसांना ठाऊक असतंच. जकातीचा आणि सदक्याचा हिशेब रमजानमध्ये मांडताना त्यातला एक वाटा त्या हंगामाच्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवता येईल का? मुलाने वेचून आणलेल्या कापसाची मजुरी तेवढ्या घराला मिळाली, तर मूल वर्गात राहील. विधवा बाईला नुसतं "पोराला शाळेत पाठव" म्हणून सांगणं सोपं आहे. तिच्या रेशनचा प्रश्न सुटल्याशिवाय तिच्या कानात ते शिरायचं नाही आणि त्यासाठी तिला दोष देता येणार नाही.

आणि आपल्यापैकी जे मालक आहेत, ज्यांचं गॅरेज आहे, हॉटेल आहे, वीटभट्टी आहे, त्यांनाही दोन शब्द. बारा वर्षांच्या मुलाचा हात धरून कुणी बाप दुकानात आला, "याला ठेवून घ्या" म्हणाला, तर "भाई, तुमच्यासाठी काम आहे का ते आधी बघतो" असं म्हणून पाहावं. बापाला पुरा रोज मिळाला तर मुलाला आणावंच लागणार नाही. आणि मुलाला सांगावं, दहावी कर, मग ये. तुझी जागा राखून ठेवतो.